वर्णमालेचा तक्ता आणि समोर बसलेली मुलं

जूनच्या मध्यावर बालवाडीचं दार उघडतं तेव्हा ताईंच्या हातात हजेरीपट असतो. त्यात मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख असते; अंगणवाडी असेल तर वजन, उंची आणि लसींच्या नोंदीही असतात. सरकारदरबारी मूल ओळखायला एवढं पुरतं. पण दाराशी रडत उभ्या असलेल्या मुलीला घरी काय नावाने हाका मारतात, तिला रात्री आजी झोपवते की मोठी बहीण, घरात बोलली जाते ती मराठीच आहे की आणखी काही, आणि दिवाळीनंतर ती गावात असेल की उसाच्या फडावर, हे त्या पटात कुठेच नसतं. पहिल्या महिन्यात ताईंना खरी गरज मात्र याचीच असते.

त्याच खोलीच्या भिंतीवर वर्णमालेचा तक्ता लटकलेला असतो. अ अननसाचा, ए एडक्याचा, ऐ ऐरणीचा, ख खटाऱ्याचा, य यज्ञाचा. यातल्या कितीतरी वस्तू आजच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेल्या नसतात. अननस दुकानात तरी दिसतो. ऐरण दाखवायला आता लोहार शोधावा लागतो. हा तक्ता साऱ्या महाराष्ट्रासाठी एकच छापला जातो, त्यामुळे तो कोणत्याच एका वर्गाचा होत नाही. या पुस्तिकेतले सगळे उपक्रम एकाच हेतूने रचलेले आहेत: तो तक्ता समोर बसलेल्या मुलांकडून नव्याने भरून घ्यायचा आणि भरता भरता ती मुलं, त्यांची घरं समजून घ्यायची. मुलं यातून अक्षरं शिकतीलच. पण त्यांच्याआधी शिकायचं आहे ते ताईंना.

सुरुवात नावापासून का करायची, याला दोन कारणं आहेत. पहिलं मुलाकडचं. लहान मुलाला जे पहिलं अक्षर ‘आपलं’ वाटतं ते बहुधा त्याच्या नावातलं असतं. रेबेका ट्रायमन आणि व्हिक्टोरिया ब्रॉडरिक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी बोलणाऱ्या मुलांबाबत हेच दिसलं: स्वतःच्या नावाचं आद्याक्षर मुलं इतर अक्षरांपेक्षा लवकर ओळखतात. मात्र त्या अक्षराचा उच्चार त्यांना इतरांपेक्षा चांगला येतो, असं आढळलं नाही. इंग्रजीत अक्षराचं नाव वेगळं आणि उच्चार वेगळा, त्यामुळे ही दरी पडते. मराठीत ‘क’ला आपण ‘क’च म्हणतो. नावातलं अक्षर ओळखीचं झालं की त्याचा आवाजही सोबत येतो, ही आपल्या लिपीने दिलेली मोठीच सवलत आहे.

दुसरं कारण घराकडचं. आपल्याकडे बाळाचं नाव ठरण्याआधीच पुष्कळ घरांत अक्षर ठरलेलं असतं. जन्मनक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर काढायचं, अश्विनी असेल तर चु, चे, चो, ला यांतलं एक, आणि त्यावरून नाव शोधायचं, ही रीत पंचांगाच्या आधाराने अजून चालू आहे. बारशाला आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं, ‘कुर्र’ करायचं, आणि बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, हा सोहळा ज्यांच्या घरी झाला त्यांना त्याची गोष्ट सांगायला आवडते. ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्याकडेही नावाची काहीतरी गोष्ट असतेच. कुठे वारलेल्या आजोबांचं नाव नातवाला येतं, कुठे कुलदैवताचं: खंडू, बिरू, रेणुका. आदिवासी पाड्यांवर जन्मवारावरून सोमा, बुधा, शुक्रा अशी नावं ठेवत आले आहेत. कुठे टीव्हीवरच्या मालिकेतली नायिका पाळण्यात येते. ‘हिचं नाव कोणी ठेवलं?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला पालकाला लिहिता-वाचता यावं लागत नाही. पालकसभेत भिंतीला टेकून गप्प बसणारी आईसुद्धा या प्रश्नावर बोलू लागते, कारण याबाबतीत तिच्याइतकं जाणणारं दुसरं कुणी नसतं.

नावामागची प्रत्येक गोष्ट गोडच असेल असं मात्र नाही. मुलगी नको होती म्हणून ‘नकुशा’ नाव ठेवलेल्या दोनशेहून अधिक मुलींची नावं २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात समारंभपूर्वक बदलली गेली. बातमी देशभर गाजली. त्या मुली शाळांच्या पटांवर वर्षानुवर्षं त्याच नावाने हजर होत्या आणि रोज त्याच नावाला ‘हजर’ म्हणत होत्या. नाव सांगताना एखादं मूल मान खाली घालतं, किंवा सगळ्यांची नावं भिंतीवर लागत असताना एखादी मुलगी आपली चिठ्ठी मुठीत लपवते, तेव्हा तिथे अक्षराचा प्रश्न नसतो. ताईंनी अशा वेळी धडा थांबवून घर गाठायला हवं.

ही घर गाठायची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा. ताराबाईंनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, आणि तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांची जागा शंखशिंपले, बिया, पानं, गारगोट्यांनी घेतली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर हललं, आणि गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली ती ३३ प्रकल्पांनिशी. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. ताराबाई-अनुताईंनी अंगणात जाऊन जे मिळवलं ते मात्र संख्येबरोबर आपोआप वाढत नसतं. मूल कुठून येतं हे पाहिल्याशिवाय त्याला काय द्यायचं ते ठरवता येत नाही, हा त्यांचा धडा प्रत्येक ताईला नव्याने गिरवावा लागतो.

दूरच्या एका बाईंचंही इथे स्मरण करायला हवं. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्विया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांचं ‘टीचर’ हे पुस्तक १९६३ मध्ये आलं. त्या प्रत्येक मुलाला विचारत, तुला आज कोणता शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द जाड पुठ्ठ्यावर लिहून त्याच्या हातात देत. दुसऱ्या दिवशी मुलाने तो ओळखला तर तो त्याचा; नाही ओळखला तर तो शब्द मुलाच्या आतून आलाच नव्हता असं समजून त्या तो बाजूला टाकत. भीतीचे आणि मायेचे शब्द मुलं एका नजरेत शिकतात, हे त्यांचं निरीक्षण आपल्याही वर्गात पडताळून पाहता येईल. ‘बदक’ आठवडाभर घोटूनही पक्कं होत नाही आणि ‘भूत’ एकदा लिहून दिलं की पुसलं जात नाही.

आता थोडं लिपीविषयी, कारण उपक्रम अडतात ते तिथेच. इंग्रजी माध्यमाच्या शिशुवर्गांत सव्वीस अक्षरांचे सव्वीस कप्पे भिंतीवर करतात आणि ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी त्यात लावतात. मराठीत हे जसंच्या तसं उचललं तर गोंधळ होतो. राधा, रियाज, रुक्मिणी आणि रेश्मा ही चौघं आपल्या दृष्टीने ‘र’ची. मुलांच्या डोळ्यांना मात्र ती चार निराळी चित्रं दिसतात: एकाच्या पुढे काना, एकाच्या मागे वेलांटी, एकाच्या डोक्यावर मात्रा, आणि ‘रु’मध्ये तर उकार पायाशी न लागता पोटात शिरलेला. म्हणून या पुस्तिकेत सुरुवातीला प्रत्येकाला त्याचं अक्षर कान्यामात्र्यांसकट दिलं आहे. राधाचं ‘रा’, रेश्माचं ‘रे’. चिठ्ठ्यांशी महिना-दोन महिने खेळल्यावर एखादं मूल बोट ठेवून सांगतं, की याच्यात माझं अर्धं आहे. ‘र’ तिथे भेटतो, आणि बाराखडीचा अर्थही तिथेच उलगडतो. पाठांतराला बाराखडी लागते; उलगडायला मित्रांची नावं पुरतात.

असाच प्रश्न जोडाक्षरांचा. श्रेया ‘श’ची की ‘श्रे’ची? टाळ्या वाजवत नाव म्हणायला लावलं तर मूल श्रे-या अशा दोन टाळ्या वाजवतं. म्हणजे तिचं अक्षर ‘श्रे’. ज्ञानेश्वरी, क्षितिज, ऋतुजा यांची अक्षरं तक्त्याच्या अगदी कडेला किंवा शेवटी असतात, आणि एरवी तिथवर पोचायला मार्च उजाडतो. या पद्धतीत ती पहिल्याच आठवड्यात वर्गात येतात. ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी मराठी शब्द सुरू होत नाही, म्हणून जुन्या तक्त्यानेही ण बाणाचा आणि ळ बाळाचा केला. वर्गात गणेश, प्रणाली, मंजुळा, बाळू यांच्यापैकी कुणी ना कुणी सापडतं, आणि ‘आमचं अक्षर मध्ये लपलंय’ हा शोध मुलांना फार आवडतो. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठी वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना अधिकृत जागा मिळाली. वसईच्या एखाद्या वर्गात ॲग्नेस किंवा ऑगस्टिन असेल तर त्या निर्णयाचा उपयोग तिथे दिसतो.

उच्चारांची एक गाठ आधीच सोडवून ठेवावी. मराठीत च, ज, झ ही अक्षरं प्रत्येकी दोन आवाज सांभाळतात. ‘चहा’तला च आणि ‘चूल’मधला च सारखे नाहीत, जयचा ज आणि जनाचा ज सारखे नाहीत. मुलं हे कानाने बरोबर पकडतात आणि दोन्ही एकाच ठिकाणी ठेवायला राजी होत नाहीत. त्यांना चूक म्हणू नये. दोन चिठ्ठ्या शेजारीशेजारी लावाव्यात आणि पुढे जावं. अक्षरांचा क्रम कोणता, हाही वाद इथे फारसा उरत नाही. वळणाच्या सारखेपणावरून लावलेला ग, म, भ, न हा क्रम लिहिण्याच्या सरावाला सोयीचा. तो त्या वेळी वापरावा. ओळख होण्याचा क्रम मात्र पटावर कोण आहे त्यावर ठरेल.

नावांनंतरचा टप्पा घरच्या वस्तूंचा. पुस्तिकेतला ‘अक्षरपिशवी’ हा उपक्रम त्यासाठी आहे. जुन्या कापडाची एक लहानशी पिशवी, तिच्यावर एक अक्षर. ती दर आठवड्याला एका मुलाबरोबर घरी जाते आणि त्या आवाजाने सुरू होणारी घरातली एखादी वस्तू घेऊन परत येते. वस्तू आणता येण्यासारखी नसेल तर घरच्यांनी नुसता शब्द सांगून पाठवायचा. ‘भ’ची पिशवी एका घरून भगर आणेल, दुसऱ्या घरून भिंगरी. ‘क’च्या पिशवीसोबत ऊसतोड कामगाराच्या घरून ‘कोयता’ हा शब्द येईल, कोळ्याच्या घरून ‘कालवं’ येतील. ताईंनी त्या वस्तूविषयी मुलाला बोलू द्यावं: ही कोण वापरतं, कुठे ठेवतात, हात लावला तर कोण रागावतं. पाच मिनिटांच्या या गप्पांतून घरातली माणसं, कामाच्या वेळा आणि मुलाची जबाबदारी कुणावर आहे, हे जेवढं कळतं तेवढं छापील माहितीपत्रक भरून घेऊन कळत नाही.

शब्द प्रमाण मराठीतलेच हवेत असा हट्ट या उपक्रमात कुठेही नाही. बंजारा तांड्यावरचं मूल ‘य’साठी ‘याडी’ म्हणेल, म्हणजे आई. त्या वर्गात यज्ञाचं चित्र काढून तिथे आईचं चित्र लावायला काय हरकत आहे? मालवणीत ‘झ’ला ‘झील’ आहे, अहिराणीत ‘आ’ला ‘आंडोर’ आहे. दोन्हींचा अर्थ मुलगा. मेळघाटातलं कोरकू मूल पाण्याला ‘दा’ म्हणतं आणि गोंडी मूल ‘येर’. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, गोंडी द्रविड कुळातली. या मुलांच्या दृष्टीने बालवाडीतली मराठी हीच परकी असते. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घरच्या भाषेवर भर दिला आहे. पण ताईंना ती भाषा येत नसेल तर तो भर कागदावरच राहतो. अक्षरपिशवीतून एकेक शब्द जमत गेला तर वर्षअखेर ताईंकडे मुलांच्या भाषेचा छोटासा कोशच तयार होईल, आणि तो घरच्यांनी बनवलेला असेल.

काही पथ्यं मात्र कडक पाळावी लागतील. चिठ्ठीवर फक्त नाव, आडनाव नको. आपल्याकडे आडनावावरून जात शोधायची सवय मोठ्यांना आहे, मुलांना ती आपण लावू नये. ‘बाबा काय करतात?’ असा थेट प्रश्न भर वर्गात विचारू नये. ज्याचे वडील वारले आहेत, घर सोडून गेले आहेत किंवा दारूने अंथरुणाला खिळले आहेत, त्याला तिथे उत्तर नसतं. त्याऐवजी ‘तुझ्या घरी कोण कोण आहे?’ एवढं पुरे, आणि मूल ज्यांची नावं घेईल ती माणसं त्याचं घर. आईचं नाव आवर्जून विचारावं. लहान मुलं बहुतेकदा ‘आई’ एवढंच सांगतात, मग खरं नाव विचारून यायचा खेळ होतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावामागोमाग आईचं नाव लिहिणं महाराष्ट्रात बंधनकारक झालं आहे. ती मुलं बालवाडीत येतील तेव्हा हा खेळ कागदाशीही जुळेल.

पैशाचं पथ्य तेवढंच महत्त्वाचं. रंगीत कार्डशीट, चमकी, छापील चिकटचित्रं आणायला सांगितली की उपक्रम मुलाच्या हातून आईच्या हातात जातो, आणि रोजंदारीवर जाणाऱ्या आईवर एक दिवसाचं ओझं पडतं. वर्गात मग कुणाचं अक्षर सुंदर याची स्पर्धा लागते, आणि ती खरं तर घरच्या ऐपतीची असते. इथे दिलेल्या एकाही उपक्रमाला विकतची वस्तू लागत नाही. घरून आलेल्या गोष्टींचे फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याआधी त्या घराला विचारावं. आणि पालकसभेत कुणाला अंगठा लावावा लागत असेल तर तिथे सह्यांचा उपक्रम घेऊ नये. तिथे नावाची गोष्ट ऐकावी.

लिहून घेण्याची घाई हा आपल्याकडचा जुना आजार. ‘पोरगं अजून काही लिहीत नाही’ अशी तक्रार घेऊन पालक दुसऱ्याच महिन्यात येतात, कारण शेजारच्या खासगी शिशुवर्गातल्या मुलाची वही अ ते ज्ञ भरलेली त्यांनी पाहिलेली असते. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडंही अजून पुरती तयार झालेली नसतात. त्याच्या हाताला मळलेली कणीक, भिजलेली माती, धान्य निवडणं, मणी ओवणं यांची गरज असते. पालकांशी यावर वाद घालून फारसा उपयोग होत नाही. त्यांना वर्गात बोलवावं आणि त्यांच्या मुलाला भिंतीवरच्या नावांतून आपल्या मित्राचं नाव शोधताना दाखवावं. वही नसली तरी मूल वाचनाच्या वाटेला लागलं आहे, हे त्यांना समोर दिसतं.

स्थलांतर करणाऱ्या घरांचा या पुस्तिकेत वेगळा विचार केला आहे. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. वीटभट्ट्यांचंही साधारण असंच. बालवाडीचं अर्धं वर्ष त्या मुलांच्या वाट्याला येतच नाही. अशा मुलाबरोबर त्याच्या नावाची चिठ्ठी आणि त्याने जमवलेल्या शब्दांचा एक पुठ्ठा जरूर द्यावा, म्हणजे फडाजवळच्या साखरशाळेत किंवा अंगणवाडीत पोचल्यावर तिथल्या ताईंच्या हातात काहीतरी पडेल. आणि गावातल्या भिंतीवरचं त्याचं नाव काढू नये. मार्चमध्ये परतलेल्या मुलाला आपली जागा शोधावी लागली तर तो पुन्हा पहिल्या दिवसावर जातो. नाव जागच्या जागी असेल तर सकाळभरात मिसळून जातो.

आता मांडणीविषयी. पहिल्या भागात नावांचे उपक्रम आहेत, ते जून-जुलैसाठी. दुसऱ्या भागात घरच्या वस्तू, घरचे शब्द आणि घरची गाणी आहेत. ते पोळा, गणपती, दिवाळी अशा सणांना धरून लावले आहेत, कारण त्या दिवसांत घरं बोलकी होतात. तिसऱ्या भागात गृहभेटी आणि पालकसभा आहेत. प्रत्येक उपक्रमाखाली दोन रकाने सोडले आहेत. एकात मुलाला काय आलं ते लिहायचं, दुसऱ्यात ताईंना काय कळलं ते. दुसरा रकाना कोरा राहिला तर उपक्रम पुन्हा घ्यावा, मुलाला ते अक्षर पाठ असलं तरीही. वर्षाच्या शेवटी अक्षरांची परीक्षा घ्यायची इच्छा झालीच तर ती ताईंनी स्वतःची घ्यावी: पटावरचं एकेक नाव वाचून, त्या मुलाला घरी काय म्हणतात, तो कुणाच्या कुशीत झोपतो आणि कशाला घाबरतो, हे सांगता येतं का ते पाहावं.

इथे दिलेली शब्दांची यादी नमुन्यापुरती आहे. ती डहाणूत एक होईल, धारणीत दुसरी, आणि परभणीत तिसरी. ताईंनी ती खोडावी, समासात लिहावं, पानं चिकटवावीत. वर्षअखेर ज्या अंगणवाडीत ही पुस्तिका छापली तशीच कोरीकरकरीत सापडेल, तिथे ती वापरलीच गेली नाही असं खुशाल समजावं.